रथ एक, फोटो बारा

फोटोग्राफीच्या सहलीहून परतलेल्यांना एक प्रश्न हटकून पडतो. सगळे एकाच जागी उभे होते, कॅमेरे साधारण एकाच तोडीचे, ऊनही तेच. मग त्या एकीचाच फोटो सगळ्यांना का आवडला? गटातला जाणता माणूस बहुधा ‘त्याला नजर असावी लागते’ असं म्हणून विषय मिटवतो. हे उत्तर खोटं नाही, पण त्याचा उपयोग शून्य. नजर असावी लागते हे कळल्याने कुणाची नजर तयार होत नाही.

ती तयार होण्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे फोटोंचं परीक्षण. आपले आणि इतरांचे फोटो पडद्यावर मोठे करून लावायचे आणि त्यांच्याबद्दल कारणासकट बोलायचं. चांगल्या फोटो-टूरमध्ये संध्याकाळचा वेळ त्यासाठी राखलेला असतो. त्या वेळात नेमकं काय बोलावं, हे या प्रकरणात पाहू. उदाहरणाला गाव घेऊ हंपी. समजा, पुणे-सांगलीकडचा बारा जणांचा गट होस्पेटच्या हॉटेलात उतरला आहे. विरूपाक्ष, विठ्ठल मंदिर, मातंग टेकडी असं दिवसभर फिरून झालंय, जेवणं उरकलीयत आणि प्रोजेक्टर सुरू झालाय.

1. चढण फोटोत येत नाही

पहिला फोटो मातंग टेकडीवरचा. काढणारे काका पहाटे साडेचारला उठले, टॉर्चच्या उजेडात दगडी पायऱ्या चढले, वर पोचेस्तोवर गुडघे बोलायला लागले. मग सूर्य उगवला आणि खाली हंपी उलगडत गेली. काकांच्या लेखी सहलीतला हा सर्वांत मोठा क्षण. पडद्यावर मात्र करड्या जमिनीचा एक पट्टा, त्यात बोटाच्या पेराएवढं देऊळ आणि वर दोन-तृतीयांश रिकामं आकाश.

“प्रत्यक्षात काय दिसत होतं म्हणून सांगू!” काका म्हणतात. सगळी गोम या वाक्यात आहे. फोटो बघताना काकांना गार वारा आठवतो, दमलेले पाय आठवतात, कुणीतरी पुढे केलेला चहा आठवतो. बाकीच्या अकरा जणांना पडद्यावर आहे तेवढंच दिसतं. काढणाऱ्याला जे आठवतं आणि बघणाऱ्याला जे दिसतं, त्यातलं अंतर दाखवून देणं हे परीक्षणाचं पहिलं काम. ते अंतर स्वतःचं स्वतःला दिसत नाही, म्हणून तर गट लागतो.

काकांच्या बाबतीत या अंतराचं एक साधं तांत्रिक कारणही आहे. समोर विस्तीर्ण दृश्य असलं, तरी माणसाचं लक्ष एकेका गोष्टीवर ठरतं आणि ती गोष्ट मनात मोठी होते. लेन्स असा पक्षपात करत नाही. 24 मिलिमीटरच्या वाइड लेन्समधून दूरचं गोपुर जेवढं उंच येतं, त्याच्या साधारण चौपट उंच ते त्याच जागेवरून 100 मिलिमीटरच्या लेन्समधून येतं. काकांनी मनाने 100 मिलिमीटरचं दृश्य पाहिलं आणि कॅमेऱ्याला 24 मिलिमीटरचं टिपायला सांगितलं.

म्हणून अनुभवी मार्गदर्शक एक नियम घालतात : आपला फोटो पडद्यावर असताना काढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. आधी बाकीचे बोलतील. काकांसारख्या गप्पिष्ट माणसाला ही शिक्षाच वाटते, पण आपल्या फोटोने आपल्या मदतीशिवाय काय सांगितलं, हे ऐकायची दुसरी सोय नाही.

2. निकाल सर्वांत शेवटी

गप्प बसल्यावर कानावर काय पडतं? “वा”, “मस्त”, “कलर छान आलेत”, फार तर “थोडा डार्क वाटतो”. हे सगळे निकाल आहेत आणि सुनावणी न होताच दिलेले आहेत.

एडमंड फेल्डमन या अमेरिकी कलाशिक्षकाने 1967 च्या सुमारास कलाकृतीबद्दल बोलण्याच्या चार पायऱ्या मांडल्या. शाळेतल्या मुलांपासून संग्रहालयातल्या प्रेक्षकांपर्यंत सगळ्यांना त्या चालतात. आधी वर्णन : काय दिसतं ते सांगा. मग विश्लेषण : त्या गोष्टी एकमेकींशी कशा जोडल्यात. त्यानंतर अर्थ : हे सगळं कशाबद्दल आहे. आणि सर्वांत शेवटी निकाल.

एका फोटोवर हे करून पाहू. विठ्ठल मंदिराच्या आतला हा फोटो आहे. वर्णन असं : दगडी दार, दारापलीकडे अंधार, उंबऱ्याशी नऊवारीतल्या एक आजी आत वाकून बघताहेत, जमिनीवर उन्हाचा एक तिरका पट्टा, डावीकडच्या कोपऱ्यात लाल प्लॅस्टिकची पिशवी. विश्लेषण : दाराची चौकट आजींना नेमकं बंदिस्त करते, उन्हाचा पट्टा नजरेला त्यांच्या पायांपर्यंत नेतो; पण फोटोतला सर्वांत भडक रंग पिशवीचा असल्याने नजर दर वेळी तिकडे घसरते.

आता अर्थ. दारापलीकडचा हा गाभारा रिकामा आहे. कृष्णदेवरायाने पंढरपूरची विठ्ठलमूर्ती विजयनगरला, म्हणजे इथेच, आणली आणि एकनाथांचे पणजोबा संत भानुदास यांनी ती परत नेली, असं परंपरा सांगते. ज्याला हे ठाऊक आहे त्याच्यासाठी रिकाम्या गाभाऱ्यात डोकावणाऱ्या मराठी आजींचा फोटो एकदम वेगळा होतो. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी तो ‘जुन्या देवळातली म्हातारी बाई’ एवढाच राहतो. म्हणजे या फोटोला दोन ओळींची फोटोओळ हवी. प्रवासाच्या फोटोंत ओळ लिहिणं हा कमीपणा मुळीच नाही.

निकाल द्यायचा तर आता द्या : फोटो चांगला आहे, ओळ लिहा, आणि पुढच्या वेळी दोन पावलं उजवीकडे सरका म्हणजे पिशवी फोटोबाहेर जाईल. “मस्त” म्हणणाऱ्याला यातलं काहीच सांगता आलं नसतं.

3. पन्नासच्या नोटेवरचा रथ

यानंतर एकामागून एक बारा रथ येतात. हंपीला जाऊन दगडी रथाचा फोटो न काढणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. 2017 मध्ये आलेल्या पन्नास रुपयांच्या निळसर नोटेवरही तोच आहे. बघणाऱ्याने हा रथ हजार वेळा खिशातून काढून भाजीवालीला दिलेला असतो. त्याला आणखी एक रथ कशासाठी दाखवायचा, असा प्रश्न परीक्षणात विचारायलाच हवा.

या जागेचे फोटो काढायला लोक फार पूर्वीपासून येताहेत. अलेक्झांडर ग्रीनलॉ या मद्रासच्या लष्करातल्या अधिकाऱ्याने 1856 मध्ये मेणकागदाच्या निगेटिव्हवर विजयनगरचे अवशेष टिपले. त्याच्या फोटोत रथाच्या माथ्यावर विटांचं शिखर दिसतं. आज ते नाही. पुढे 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या जॉन गॉलिंग्ज यांनी ग्रीनलॉच्याच जागा शोधून तेच फोटो पुन्हा काढले. दोन्ही शेजारी ठेवले की सव्वाशे वर्षांत काय पडलं, काय उभारलं, काय झाडीतून बाहेर आलं ते समजतं. तीच जागा, तोच कोन, आणि तरी दुसरा फोटो अजिबात शिळा नाही, कारण तो काढण्यामागे एक प्रश्न होता.

गटातल्या त्या ‘एकी’च्या फोटोतही तसाच प्रश्न आहे. अकरा जणांनी अख्खा रथ, मागे मंडप, वर आकाश अशी नोटेवरचीच मांडणी केली. ती खाली बसली आणि रथाला जुंपलेल्या हत्तीच्या मागची जागा तिने टिपली. रथासमोरचे दोन हत्ती मूळचे नव्हेत, तिथे आधी घोडे होते, असं मानतात. त्या घोड्यांचे मागचे पाय आणि शेपट्या दगडात अजून शिल्लक आहेत, हत्तींच्या आड. तिरप्या उन्हात त्या शेपटीची कोरीव रेघ तिच्या फोटोत स्वच्छ उठून दिसते. बघणारा विचारतो, हे काय? आणि फोटो जिंकतो.

तिच्याकडे दैवी नजर होती असं नाही. रथाभोवती ती दोनदा फिरली होती, एवढंच. बाकीच्यांनी दिसताक्षणी कॅमेरा डोळ्याला लावला.

4. कडा तपासा

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात एकेकाळी छायाचित्र विभाग सांभाळणारे जॉन झार्कोव्स्की यांचं 1966 चं पुस्तक ‘द फोटोग्राफर्स आय’ परीक्षकांच्या फार कामाचं आहे. फोटोकडे बघण्याचे त्यांनी पाच मुद्दे सांगितले : प्रत्यक्ष वस्तू, तपशील, चौकट, वेळ आणि उभं राहण्याची जागा. तपशील आणि जागा यांचं काम घोड्याच्या शेपटीने दाखवलंच. चौकटीबद्दल झार्कोव्स्कींचं म्हणणं मोलाचं आहे. चित्रकार रिकाम्या पाटीवर एकेक वस्तू भरतो. फोटोग्राफर भरलेल्या जगातून काय वगळायचं ते ठरवतो. त्यामुळे फोटोत काय आहे यापेक्षा कडेला काय कापलंय, हे आधी बघावं.

नवशिक्यांच्या फोटोंत नव्वद टक्के गोंधळ या कडांवर सापडतो, असं म्हटलं तर कुणी परीक्षक हरकत घेणार नाही. अर्धा हात, कुणाच्या कॅमेऱ्याचा पट्टा, पुरातत्त्व खात्याच्या पाटीचा निळा कोपरा. फोटो काढताना लक्ष मधल्या विषयावर खिळलेलं असतं. कडांकडे बघायची सवय मुद्दाम लावावी लागते.

मग कापून टाकावं का? काहींना क्रॉप करणं पाप वाटतं आणि ते आंरी कार्तिए-ब्रेसाँचा दाखला देतात. तो क्रॉपच्या विरोधात होता हे खरं. पण सेंट लाझार स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा 1932 चा जगप्रसिद्ध फोटो क्रॉप केलेला आहे. कुंपणाच्या फटीतून काढल्यामुळे डावीकडे फळी आली होती, ती त्याने काढून टाकली.

क्रॉपला एक हिशेबी मर्यादा मात्र आहे. 24 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे लांबीत 6000 आणि रुंदीत 4000 ठिपके. तो लांबी-रुंदीत निम्मा कापला तर उरतात 3000 गुणिले 2000, म्हणजे 6 मेगापिक्सेल. लांबी निम्मी झाली, पण ठिपके पाव राहिले. चांगल्या छपाईला इंचाला 300 ठिपके धरले तर हा फोटो 10 इंच लांब आणि पावणेसात इंचांहून किंचित कमी रुंद छापता येईल. पुस्तकात चालेल, प्रदर्शनाच्या भिंतीवर नाही.

5. कॅमेरा हलला की माणूस?

तुंगभद्रेत हरिगोल चालतात, म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या गोल होड्या. नावाडी होडी गरगर फिरवून दाखवतो आणि सगळे फोटो काढतात. त्यातले निम्मे अस्पष्ट. परीक्षणात “ब्लर आहे” एवढंच म्हणून पुढे जाणं म्हणजे डॉक्टरने “आजारी आहात” म्हणून फी घेणं.

अस्पष्टतेचे तीन प्रकार ओळखता येतात. मागचे खडकही त्याच दिशेने फरपटलेले दिसले, तर कॅमेरा हलला. खडक स्वच्छ आणि होडीच तेवढी पुसट असेल, तर होडीच्या वेगाला शटर पुरलं नाही. होडी पुसट पण तिच्या मागची झुडपं सुईसारखी स्पष्ट, फरपट कुठेच नाही, तर फोकस चुकला. रोग कळला की औषध सोपं. समजा, फोटोसोबत नोंदलेल्या माहितीत शटर 1/60 आणि आयएसओ 200 दिसतं. फिरत्या होडीला निदान 1/250 हवं होतं. 60 वरून 125, 125 वरून 250 म्हणजे उजेड दोनदा निम्मा होणार. तो भरून काढायला आयएसओ दोनदा दुप्पट करायचा, 200 वरून 400 आणि 400 वरून 800. फोटोत थोडे दाणे वाढतील. होडी मात्र थांबेल.

दाण्यांची भीती फाजील आहे. विरूपाक्ष मंदिराच्या मागच्या बाजूला एक अंधारं दालन आहे. भिंतीतल्या छोट्या फटीतून तिथे उजेड येतो आणि समोरच्या भिंतीवर गोपुराची उलटी प्रतिमा पडते. लेन्सशिवायचा कॅमेराच तो. तिथे काढलेल्या फोटोंत दाणे येणारच. बारापैकी सर्वांत स्वच्छ फोटोत नुसता करडा उलटा त्रिकोण आहे, कशाचा ते कळत नाही. सर्वांत दाणेदार फोटोत वाटाड्याचा हात त्या प्रतिमेकडे बोट दाखवतोय, म्हणून भिंत भिंत वाटते आणि आकाराचा अंदाज येतो. दुसऱ्याला वर ठेवावं.

6. दोन सूर्य

आता जरा अवघड फोटो. विरूपाक्षाचं नऊ मजली, सुमारे 50 मीटर उंच गोपुर, दगड न् दगड सोनेरी, आणि मागे आगीसारखं पेटलेलं आकाश. खोलीत “आहाहा” होतं. मग कुणीतरी विचारतं, सूर्य कुठे होता?

हे गोपुर पूर्वेकडे तोंड करून उभं आहे. त्याचा दर्शनी भाग सोनेरी झालाय म्हणजे ऊन पूर्वेचं, सकाळचं, फोटोग्राफरच्या पाठीमागून आलेलं. पण मागच्या आकाशात, म्हणजे पश्चिमेला, क्षितिजावर लालबुंद प्रकाशगोल आहे. एकाच वेळी पूर्वेलाही सूर्य आणि पश्चिमेलाही! आकाश बदललेलं आहे. मोबाइलमधल्या ॲपने हे काम आता एका बोटात होतं, म्हणून सावल्यांची दिशा तपासणं हा परीक्षकाच्या रोजच्या कामाचा भाग झालाय.

यात नवीन काही नाही. नॅशनल जिऑग्राफिकने फेब्रुवारी 1982 च्या अंकासाठी गिझाच्या पिरॅमिडांचा आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठात बसवायला दोन पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले. त्यावरून उठलेलं वादळ आजही फोटोग्राफीच्या वर्गांत शिकवतात. 2016 मध्ये स्टीव्ह मॅककरी यांच्या क्यूबातल्या एका फोटोच्या प्रिंटमध्ये खांबाचा तुकडा भलत्याच ठिकाणी उमटलेला दिसला आणि त्यांच्या इतर फोटोंचीही झाडाझडती सुरू झाली.

सीमारेषा कुठे आखायची? फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिकेची प्रवास-फोटोंची व्याख्या इथे कामाला येते. स्थळाची आणि संस्कृतीची वैशिष्ट्यं जशी आहेत तशी दिसावीत; क्रॉप चालेल; पण फोटोत काही घालणं, हलवणं, बदलणं किंवा पुसणं चालणार नाही. उजेड-अंधार सावरणं वेगळं. भिंतीवर लावायला हवं तर आकाश बदला, फक्त तो हंपीचा फोटो म्हणून दाखवू नका.

7. समोरचा माणूस

याच व्याख्येत आणखी एक अट आहे आणि ती फोटो-टूरवाल्यांना टोचते : केवळ फोटोसाठी घडवून आणलेले प्रसंग आणि त्यासाठी पैसे देऊन उभी केलेली माणसं यात बसत नाहीत. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्रात रोवलेल्या काठ्यांवर बसणारे मच्छीमार आणि चीनमध्ये ली नदीकाठी पाणकावळे घेऊन उभे राहणारे म्हातारे कोळी, यांतले बरेच जण आता माशांवर नव्हे तर फोटोंवर पोट भरतात. त्यांनी पैसे घेणं योग्यच आहे. मात्र असा फोटो ‘अचानक सापडलेला क्षण’ म्हणून मिरवला, तर परीक्षकाने टोकायला हवं.

हंपीत लमाणी बायका आरशांच्या भरतकामाच्या वस्तू विकतात. बारापैकी पाच जणांकडे त्यांचे चेहरे आहेत, सगळे लांबून टेलीने टिपलेले, मागचं सगळं पुसट. कुठलाही गाव असू शकेल. परीक्षकाने दोन साधे प्रश्न विचारावेत : हा फोटो हंपीचा आहे हे कशावरून, आणि त्यांचं नाव काय? दुसऱ्या प्रश्नाला खोलीत हमखास शांतता पसरते. मॅककरी यांनी 1984 मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत टिपलेल्या हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा चेहरा नॅशनल जिऑग्राफिकच्या जून 1985 च्या मुखपृष्ठामुळे जगभर पोचला. तिचं नाव शरबत गुला आहे हे जगाला 2002 मध्ये कळलं. वही काढून नाव विचारायला एक मिनिट पुरतं, आणि त्या एका मिनिटात समोरची व्यक्ती बोलती होऊन दुसरा, बरा फोटो मिळतो, हा फायदा वेगळाच.

8. टाकायचं काय?

शेवटचा भाग निवडीचा. तीन दिवसांत माणशी हजार फोटो सहज होतात. पडद्यावर आणायचे दहा. ही निवड मेथी निवडण्यासारखी नाही. मेथीची पानं ठेवतात आणि काड्या टाकतात. इथे चांगली पानंसुद्धा टाकावी लागतात. रॉबर्ट फ्रँकने 1955-56 मध्ये अमेरिकाभर फिरून 767 रोल संपवले, म्हणजे जवळपास 27 हजार फोटो. ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात त्यातले 83 आले. साधारण सव्वातीनशेतला एक. टाकलेल्यांत चांगले फोटो नसतील का? असणारच.

टाकताना निकष एकच ठेवावा : हा फोटो शेजारच्या फोटोने न सांगितलेलं काही सांगतो का? सूर्योदयाचे तीन असतील तर दोन बाद. रथ एकदाच. काकांना सगळ्यांत कठीण जाईल ते मातंग टेकडीवरचा फोटो काढून टाकणं, कारण त्यासाठी ते सर्वांत जास्त दमले होते. गटाने तिथे ठाम राहावं. मात्र बोलणं फोटोबद्दल असावं, काकांबद्दल नाही. ‘तुम्हाला जमलं नाही’ आणि ‘इथे आकाश जास्त झालं’ यांतलं दुसरं वाक्यच उद्या उपयोगी पडतं.

आणि हा ‘उद्या’ हातात असणं महत्त्वाचं. बऱ्याच टूरमध्ये परीक्षण शेवटच्या रात्री ठेवतात, निरोपाच्या जेवणानंतर, जेव्हा अर्ध्यांच्या बॅगा भरून झालेल्या असतात. अशा परीक्षणाचा निम्मा फायदा वाया जातो. तेच पहिल्या किंवा दुसऱ्या रात्री झालं, तर काका दुसऱ्या दिवशी 100 मिलिमीटरची लेन्स घेऊन पुन्हा मातंग टेकडी चढू शकतात. म्हणून कुठल्याही फोटो-टूरचे पैसे भरण्याआधी आयोजकांना हॉटेलाच्या आणि गाडीच्या चौकशीसोबत एवढं जरूर विचारा : परीक्षण कोणत्या रात्री आहे?